उत्सवाच्या गाण्याची समीक्षा

पुणे शहरात जे संगीत सर्वांत अधिक माणसांच्या कानांवर पडते, त्याच संगीताविषयी या शहरातील वृत्तपत्रे सर्वांत कमी लिहितात, ही गोष्ट मला दीर्घकाळ खटकत आली आहे. आणि आपल्या सांगीतिक जीवनातील एका मोठ्या उणिवेची ती निदर्शक आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तेव्हा पहिल्या दिवशीच्या गायकाने कोणता राग घेतला, विलंबित ख्यालाची बढत कशी केली, तानांत दाणेदारपणा होता की नव्हता, तबल्याची साथ अनुकूल होती की कुरघोडी करणारी, या सर्वांचा वृत्तान्त दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर वाचकाच्या हाती येतो, आणि १९५३ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवाच्या लौकिकास हा शिरस्ता शोभूनही दिसतो. परंतु भाद्रपदातील ते दहा दिवस, ज्या काळात कसब्यापासून कोथरुडापर्यंत आणि खडकीपासून धनकवडीपर्यंत एकही गल्ली गाण्यावाचून राहत नाही, त्या दहा दिवसांत कोणते नवे गाणे आले, त्याची चाल कशी बांधली आहे, शब्दांचे वजन तालात नीट बसले आहे काय, वाद्ययोजनेत कल्पकता आहे की केवळ भर आहे, याविषयी एक परिच्छेदही कोणी लिहीत नाही. देखाव्यांचे परीक्षण होते आणि त्यांना बक्षिसे मिळतात. मूर्तींच्या घडणीविषयी जाणकार बोलतात. ढोल-ताशा पथकांची छायाचित्रे पहिल्या पानावर झळकतात. गाणे तेवढे अनुल्लेखित राहते.

नाही म्हणावयास एका मापाने या संगीताची मोजदाद दरवर्षी होते, आणि ते माप डेसिबलचे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे केंद्र सरकारचे नियम निवासी विभागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धकास मनाई करतात, आणि वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवून देण्याची मुभा राज्य सरकारास देतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बेलबाग चौकात, लक्ष्मी रस्त्यावर, टिळक चौकात ध्वनिमापकाचा आकडा कोठवर गेला याचे तक्ते छापून येतात. हे तक्ते छापले जातात याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ज्याच्या घरी दुखणाईत माणूस आहे किंवा तान्हे मूल आहे, त्याला या नियमांची अंमलबजावणी ही जीवनमरणाची बाब असते, आणि त्या बाबतीत प्रशासनाने कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये. परंतु डेसिबल हे आवाजाचे माप आहे, गाण्याचे नव्हे. किती मोठ्याने वाजले हे ते सांगते. काय वाजले, आणि जे वाजले ते चांगले होते की वाईट, हे सांगणारा माणूस लागतो, आणि तो माणूस आपण नेमलेलाच नाही.

या उणिवेचा सर्वांत ठळक दाखला द्यावयाचा तर तो ‘विश्वविनायक’ या ध्वनिसंग्रहाचा द्यावा लागेल. अजय आणि अतुल गोगावले हे दोघे बंधू पुणे जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा तालुक्यांच्या गावी बदलीच्या घरांतून गेले. घरात गायन-वादनाची परंपरा नव्हती, कोणत्या घराण्याची तालीम नव्हती. भजन, बँड, जत्रेतील वाद्ये आणि पुढे हाती आलेला कीबोर्ड, एवढ्या सामग्रीवर त्यांचे शिक्षण झाले. २००१ साली, चित्रपटसृष्टीत त्यांचा शिरकाव झालेला नसताना, टाइम्स म्युझिकने त्यांचा हा गणेशभक्तीचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यातील गायनासाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन या दोन मातबर गायकांचे कंठ त्यांना लाभले. दोघेही मराठी घरातले नव्हेत. पैकी महादेवन मुंबईतच वाढलेले आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले, म्हणजे मराठी भावगीताच्या अगदी गाभ्यातून आलेले. नाव नसलेल्या दोन तरुणांच्या पहिल्याच संग्रहाला असे गायक मिळावेत, ही घटना एरवी वृत्तपत्रांनी उचलून धरण्याजोगी होती.

पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘सैराट’चे संगीत लॉस एंजेलिसमधील वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेण्यापर्यंत या बंधूंची मजल गेली, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याविषयी विपुल लिहिले गेले. मात्र ज्या संग्रहातून त्यांचे नाद-विश्व प्रथम प्रकट झाले, आणि जो पाव शतक होत आले तरी मंडपामंडपांतून वाजतो आहे, त्याची सांगोपांग समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही. लोकांनी तो स्वीकारला, विक्रेत्यांनी तो विकला, मंडळांनी तो वाजविला. विचार मात्र कोणी केला नाही.

विचार करण्याजोगे त्यात काय आहे, असा प्रश्न साहजिकच येईल, आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने दिले पाहिजे. ‘विश्वविनायक’च्या आधी मराठी गणेशगीताची दोन-तीन रूपे रूढ होती. एक रूप शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा कंठ यांतून सिद्ध झालेले, घरगुती देव्हाऱ्याच्या प्रकाशाचे. दुसरे १९७९ च्या ‘अष्टविनायक’ या चित्रपटातले, अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल या आणखी एका जोडीने बांधलेले, ज्यात वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकाचा भारदस्त स्वर नाट्यसंगीताच्या नांदीची आठवण करून देतो. तिसरे कॅसेटच्या काळात गावोगाव पोचलेले, प्रल्हाद शिंदे यांच्या खणखणीत आवाजाचे, ज्याचे नाते भजनाशी आणि लोकगीताशी अधिक. या तिन्ही रूपांत एक गोष्ट समान होती: गाणारा माणूस मध्यभागी असे आणि वाद्ये त्याच्या भोवती. गोगावले बंधूंनी हा क्रम उलटा केला. त्यांनी प्रथम एक अवकाश उभा केला, कीबोर्डवर रचलेल्या स्वरपुंजांचा, समूहगानाचा, खोल तालाघातांचा, आणि त्या अवकाशात गायकाला नेऊन उभे केले. संस्कृत मंत्र, जो आतापर्यंत घरात गुरुजींच्या किंवा आजोबांच्या तोंडून एकसुरी लयीत ऐकू येई, तो एकदम भव्य सभामंडपात उच्चारला गेल्यासारखा वाटू लागला. सार्वजनिक उत्सवातील मूर्ती दहा-दहा, बारा-बारा फूट उंच झाल्या होत्या, त्यांच्यासमोर वाजणारे गाणे मात्र अजून देव्हाऱ्याच्या मापाचे होते. त्या उंचीला साजेल असा नाद या संग्रहाने दिला, ही त्याची खरी आणि निर्विवाद कामगिरी होय.

परंतु प्रत्येक प्राप्तीबरोबर काही गमावलेही जाते, आणि समीक्षकाने ते सांगावयाचे असते. घरची आरती ऐकून पाहा. तिचा वेग कधी स्थिर नसतो. पहिले कडवे सावकाश निघते, टाळ आणि टाळ्या हळूहळू एकवटतात, मुले घाई करतात, वडीलमाणसे आवरून धरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आरतीपर्यंत सर्वांचा मिळून एक नवाच वेग तयार झालेला असतो, जो कोणी ठरविलेला नसतो आणि तरी सर्वांना मान्य असतो. यंत्रावर बांधलेला ताल हे करू शकत नाही. त्याचा ठोका पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत सारखाच पडतो, आणि त्या ठोक्यावर बसविलेला श्लोक आपले लघु-गुरूंचे स्वाभाविक श्वासोच्छ्वास सोडून चार मात्रांच्या चौकटीत वावरू लागतो. अनुष्टुभासारख्या छंदाला चौकटीत बसविताना कोठे अक्षर ताणावे लागते आणि कोठे विराम गिळावा लागतो, हा तपासण्याचा विषय आहे. काही ठिकाणी ही ओढाताण रचनेला ताकद देते, काही ठिकाणी ती अर्थाला बाधक ठरते, आणि कोठे काय होते हे पद दर पद दाखवून देणे शक्य आहे. शिवाय आरती ही सर्वांनी म्हणावयाची वस्तू. इतक्या भव्य रचनेपुढे भाविक उभा राहून ऐकतो, तीत आपला आवाज मिसळण्याचे धैर्य त्याला होत नाही. गाणाऱ्यांचा समुदाय ऐकणाऱ्यांचा होऊ लागण्याच्या प्रक्रियेला ‘विश्वविनायक’ने आरंभ केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण ध्वनिवर्धक आणि कॅसेट यांनी तो आरंभ पूर्वीच केला होता, तथापि त्या प्रक्रियेला या संग्रहाने प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येत नाही.

आणि या बंधूंना स्वतःलाच ही उणीव जाणवली असावी, असे मला त्यांच्या पुढच्या रचना ऐकून वाटते. २००८ च्या ‘उलाढाल’मधील गणेशगीतात मिरवणुकीतला जयघोष हाच रचनेचा पाया झाला, ‘अग्निपथ’ या २०१२ च्या हिंदी चित्रपटातील गीतात ढोलांचा गजर आणि गर्दीची आरोळी यांना वाद्यवृंदाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ज्या समुदायाला पहिल्या संग्रहाने श्रोता केले होते, त्याला पुन्हा सहभागी करून घेण्याचा हा प्रयत्न होता. दहा-अकरा वर्षांच्या काळात एका रचनाकार-जोडीच्या विचारात झालेले हे परिवर्तन कोणत्याही साहित्यिकाच्या बाबतीत घडते, तर त्यावर प्रबंध लिहिले गेले असते.

जुने भक्तिगीत यंत्राच्या स्वरांत कसे मांडावे, हाच प्रश्न दुसऱ्या देशात, दुसऱ्या धर्माच्या उत्सवात, दुसऱ्या एका जोडीपुढे उभा राहिला होता, आणि तेथे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. व्हिन्स क्लार्क आणि अँडी बेल या दोघांचा ‘इरेझर’ हा इंग्लंडमधील संघ १९८५ पासून यंत्रनिर्मित स्वरांचे लोकप्रिय संगीत रचीत आला आहे; पैकी क्लार्क हे ‘डिपेश मोड’ या विख्यात संघाच्या संस्थापकांपैकी एक, आणि सिंथेसायझर या वाद्याचे जुने उपासक. २०१३ च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘स्नो ग्लोब’ हा नाताळचा संग्रह काढला. त्यात काही स्वतःची नवी गीते, काही परंपरेने चालत आलेली. पैकी एक लॅटिन गीत तर १५८२ साली छापलेल्या धर्मगीतांच्या ग्रंथातले. ‘सायलेंट नाइट’ हे गीतही त्यात आहे, जे १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या खेड्यात योसेफ मोर या तरुण धर्मोपदेशकाचे शब्द आणि फ्रांझ ग्रूबर या शिक्षकाची चाल यांतून जन्मले, आणि प्रथम गिटारच्या साथीवर गायिले गेले. ‘व्हाइट ख्रिसमस’ आहे, जे अर्विंग बर्लिन या ज्यू स्थलांतरिताने रचले आणि १९४२ पासून बिंग क्रॉस्बीच्या आवाजात जगभर गेले. म्हणजे नाताळच्या गाण्याचा इतिहास हाच मुळी वाद्ये बदलण्याचा, भाषा ओलांडण्याचा आणि परक्या हातांनी घडविले जाण्याचा इतिहास आहे.

क्लार्क यांनी या जुन्या गीतांना जी वाद्ययोजना केली, ती गोगावले बंधूंच्या नेमकी विरुद्ध दिशेची होती. भर घालण्याऐवजी त्यांनी काढून टाकले. नाताळच्या बाजारू संगीतात ओसंडून वाहणाऱ्या घंटा आणि व्हायोलिनांचे ताफे दूर सारून त्यांनी थोडे, विरळ, थंड यांत्रिक स्वर ठेवले, आणि त्या विरळतेत बेल यांचा मानवी आवाज एकटा सोडून दिला. यामागे ऋतूचाही भाग आहे असे मला वाटते. नाताळ येतो तो उत्तरेकडील देशांत वर्षाच्या सर्वांत काळोख्या आणि गोठलेल्या आठवड्यात, जेव्हा माणसे दारे लावून घरात बसतात. गणपती येतो तो पावसाने भिजलेल्या, पिकांनी हिरव्या झालेल्या महिन्यात, जेव्हा माणसे रस्त्यावर उतरतात. एकाच यंत्रातून एकाने रितेपणा काढला आणि दुसऱ्याने भरलेपण, आणि दोघांनीही आपापल्या उत्सवाचे अंतरंग ओळखूनच तसे केले.

‘स्नो ग्लोब’चे स्वागत एकमुखी झाले नाही. कोणाला ती थंड विरळता प्रामाणिक आणि हृदयस्पर्शी वाटली, कोणाला ती उत्सवाच्या उबेशी विसंगत वाटली; जुनी गीते सरस की नवी, याविषयीही मतभेद झाले. हा संग्रह त्या संघाच्या सर्वोत्कृष्ट कृतींत गणला जात नाही, आणि माझेही मत तसेच आहे. परंतु मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट: उत्सवासाठी काढलेला, मोसमी, विक्रीच्या हेतूने बाजारात आलेला हा संग्रह एखाद्या गंभीर कृतीसारखा तपासला गेला. हे गीत का निवडले, हा स्वर येथे का आणला, हा यांत्रिक ताल या प्रार्थनेला पेलतो काय, हे प्रश्न छापील शब्दांत विचारले गेले. धर्माचा विषय आहे म्हणून कोणी समीक्षकाचे तोंड धरले नाही, आणि लोकप्रिय संगीत आहे म्हणून कोणी ते हीन मानले नाही.

आपल्याकडे असे होत नाही यामागे दोन समजुती आहेत, आणि दोन्ही आपल्याच परंपरेच्या अज्ञानातून आलेल्या आहेत. पहिली अशी की, भक्तिगीताची चिकित्सा केली तर भावना दुखावते. वस्तुतः चिकित्सा चालीची असते, देवाची नव्हे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगताना श्रोत्यांना पुनःपुन्हा विनविले आहे की, बोलण्यात काही कमी पडले असेल तर ते भरून घ्यावे. ज्या परंपरेचा आदिग्रंथच श्रोत्याला असा अधिकार देतो, तिच्यातील आजच्या रचनाकाराने श्रोत्याच्या मताला भ्यावे असे काहीच नाही. कीर्तनाच्या फडावर तर हा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या बजावला गेला आहे. बुवांचे आख्यान रंगले की पडले, पद लावताना साकी चुकली की साधली, हे श्रोते देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता ठरवीत, आणि दुसऱ्या खेपेला बुवांना आमंत्रण जाई किंवा जात नसे. श्रद्धा त्याने कमी झाली नाही; कीर्तन मात्र सुधारले.

दुसरी समजूत अशी की, समीक्षेचा मान शास्त्रीय संगीतालाच द्यावयाचा असतो. येथे केशवराव भोळे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांच्या गायकीची निर्भीड चिकित्सा करणारा हा लेखक पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार म्हणून काम करीत होता, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे संगीत त्याचेच. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत इतके अभंगाच्या अंगाने उतरले की, ते तुकोबांचेच आहे असे जाणत्यांनाही वाटले. समीक्षा करणारी लेखणी आणि भक्तिसंगीत रचणारा हात एकाच माणसाचे होते. लोकांसाठी केलेले, यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेले, तिकीट लावून विकलेले भक्तिगीत हे विचाराचा विषय होऊ शकते, याविषयी त्या पिढीला शंका नव्हती. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हाही नभोवाणी हे नवे यंत्रच होते, आणि ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या त्या ५६ गीतांविषयी घरोघरी आणि छापील पानांवर जे बोलले-लिहिले गेले, त्यात राग, शब्द, प्रसंग आणि गायक यांची निवड या सर्वांचा ऊहापोह होता.

त्याही मागे गेलो तर गणेशोत्सवातील मेळे आहेत. १८९३ नंतरच्या दशकांत मेळ्यांची पदे हा पुण्यातील सार्वजनिक जीवनाचा ज्वलंत विषय होता; इंग्रज सरकारचे पोलिस खाते ती पदे तपासून पाही, आणि १९२० नंतरच्या दशकात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याच्या पदांवरून शहरातील पत्रांत खडाजंगी उडाली. तो वाद मुख्यतः सामाजिक आणि राजकीय होता, सांगीतिक नव्हता, हे खरे. तरीही उत्सवात काय गायिले जाते याकडे लिहिणाऱ्यांचे लक्ष होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. आज मंडपात वाजणाऱ्या गाण्याचा कवी कोण, हेसुद्धा मंडपातल्या शंभरांपैकी कोणाला सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. आणि कवीचे नाव जेथे हरवते तेथे शब्दांची निगा कोण राखणार?

नाताळचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच शहरातील एका दालनाकडे बोट दाखविणे माझे कर्तव्य आहे. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयात आणि पुण्यातील इतर मराठी मंडळ्यांत नाताळची उपासना मराठीतून होते, आणि तीत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे आजही गायिली जातात. अभंग-ओवीच्या चालींत, टाळ-पेटीच्या साथीवर ख्रिस्तजन्माचे गाणे मांडण्याचा टिळकांचा उपक्रम हा मराठी संगीताच्या इतिहासातील एक धाडसी प्रयोग होता. १९१९ साली ते वारले. त्यानंतरच्या शतकात त्या पदांचे काय झाले, चाली कशा बदलल्या, पेटीच्या जागी कीबोर्ड आला तेव्हा तरुण गायकांनी त्यांत काय केले, याची नोंद त्या समाजाबाहेरच्या वाचकापर्यंत पोचलेलीच नाही. गणपतीच्या गाण्याविषयी जी उदासीनता आहे, तीच येथे आणखी गडद झालेली दिसते. आणि मराठी वृत्तपत्रांनी ज्या दिवशी उत्सवसंगीताचे दप्तर उघडावयाचे ठरविले, त्या दिवशी ही पदेही त्यात असली पाहिजेत.

समीक्षेच्या या अभावाचे मोल आपण कसे मोजीत आहो, ते विसर्जनाच्या रात्री ऐकू येते. पंचवीस-पंचवीस ध्वनिपेट्यांची भिंत उभी करून तिच्यावर जे वाजविले जाते, त्यात पुष्कळदा एखाद्या चांगल्या गीताचे तुकडे असतात. त्यांचा वेग वाढविलेला, मधले कडवे छाटलेले, खालच्या स्वरांचा ठोका इतका फुगविलेला की शब्द बुडून जातात. याचा दोष मूळ रचनाकारांवर टाकणे अन्यायाचे आहे. परंतु हे वाजविणारा तरुणही अनेकदा कसबी असतो. दोन गीते कोठे जोडावीत, ताल कोठे तोडावा आणि गर्दीला कोठे श्वास घेऊ द्यावा हे त्याला कळते, आणि त्याच्या कसबाला आजपर्यंत एकच मान्यता मिळाली आहे, ती आवाजाच्या मोठेपणाची. त्याला कधी कोणी सांगितले नाही की, तुझ्या अमुक जोडकामात मूळ चालीचा मुखडा सुंदर उमटला आणि तमुक ठिकाणी तो चिरडला गेला. ज्या कारागिराला केवळ मोठ्या आवाजाबद्दल टाळ्या आणि त्याच आवाजाबद्दल पोलिसांची नोटीस मिळते, त्याने आवाजाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करावा अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर धरतो? हुकमाने आवाज खाली आणता येईल, आणि तो आणलाच पाहिजे. रुची मात्र हुकमाने घडत नाही, ती लिहिण्या-बोलण्याने, मतभेदाने आणि उदाहरणे समोर ठेवल्याने घडते.

लिहिणाऱ्यांची या शहरात वाण आहे असेही नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज येथे आहे. विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथे आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचे शास्त्र शिकलेली पिढ्यान्‌पिढ्यांची मंडळी याच शहरात राहतात. पहिल्याला चाल कळते, दुसऱ्याला प्रयोग कळतो, तिसऱ्याला यंत्र कळते. उत्सवाच्या गाण्याला तिन्ही जाण लागतात, आणि हे तिघे एकत्र बसून ऐकतील तर असे लेखन निर्माण होईल की जे शास्त्रीय संगीताच्या समीक्षेलाही नवी परिभाषा देईल. यांत्रिक ताल, स्वरांचे थर, ध्वनीची खोली-रुंदी यांविषयी बोलण्याची आपली मराठी अद्याप अपुरी आहे, आणि ती अपुरी राहण्याचे कारण एवढेच की आपण तिचा वापर केलेला नाही.

तेव्हा पुण्यातील संपादकांपुढे माझी सूचना साधी आहे. गणेशचतुर्थीपासून अनंतचतुर्दशीपर्यंत रोज एक स्तंभ उत्सवाच्या गाण्यासाठी राखून ठेवावा, आणि नाताळच्या आठवड्यात मराठी ख्रिस्ती उपासनासंगीतासाठी तसाच ठेवावा. त्यात नव्या गीताचा कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे यावीत, आणि त्याखाली जबाबदारीने, नाव देऊन लिहिलेले मत यावे. प्रारंभ नव्या गाण्यांपासूनच झाला पाहिजे असे नाही. तो ‘विश्वविनायक’पासून करावा, आणि या विलंबित समीक्षेत स्तुती आली तरी हरकत नाही, दोषदर्शन आले तरी हरकत नाही. मात्र कोणत्या पदात, कोणत्या स्थळी, कोणत्या स्वराने काय साधले किंवा बिघडविले, हे तीत नेमके सांगितलेले असावे, आणि ती गोगावले बंधूंची कारकीर्द ऐन भरात असताना, त्यांना तिचा प्रतिवाद करावासा वाटला तर करता येईल अशा वेळी, छापली जावी.